पहिले पाऊल कोणाचे?

नाशिकहून निघालेला रस्ता सावळघाट ओलांडून पेठला येतो आणि पुढे धरमपूरमार्गे वलसाडला उतरतो. नागली-वरईची उतारावरची शेते, कोकणा, वारली आणि महादेव कोळी यांचे पाडे, पावसाळ्यात दिसेनासे होणारे डोंगर, असा हा मुलूख. या रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी येऊन राहिले. नाशिकला १८३२ साली चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे इंग्लंडमधल्या अँग्लिकन पंथाच्या संस्थेने, काम सुरू केले. पुढे शहराबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली ती याच संस्थेची. वलसाडच्या टोकाला अमेरिकेतले ब्रदरेन पंथाचे लोक आले. ते १८९४ साली हिंदुस्थानात उतरले आणि १९०७ मध्ये डांगात आहव्याला पोचले. पेठ या दोन टोकांच्या मधे पडते.

दोघांचे बायबल एक, ख्रिस्त एक, वधस्तंभ एक. तरी बाप्तिस्मा कोणाला द्यायचा यावर मात्र दोघांचे पटण्यासारखे नव्हते.

अँग्लिकन चर्चमध्ये तान्हे बाळ आणले जाते. पाळक त्याच्या कपाळावर पाणी ओततो. सैतानाचा त्याग करतोस का, विश्वास ठेवतोस का, हे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे धर्मपिता आणि धर्ममाता देतात. बाळ रडते किंवा झोपलेले असते. ते मोठे झाले की बिशपसमोर दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने होकार देते. ब्रदरेन मंडळींना हे मान्य नव्हते. त्यांचा पंथ जर्मनीत श्वार्झेनाऊ इथे १७०८ साली निघाला तोच मुळी प्रौढांच्या बाप्तिस्म्यावरून. आठ जणांनी तिथल्या एडर नदीत उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला, आणि तेव्हा असा दुसरा बाप्तिस्मा घेणे कायद्याने गुन्हा होता. त्यांच्या रीतीत माणूस पाण्यात गुडघे टेकतो आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला तीनदा पुढे वाकवून पाण्यात बुडवतात. ज्याला कळते, जो स्वतः मागतो, त्यालाच.

वरवर हा विधीचा वाद दिसतो, पण त्याच्या तळाशी ख्रिस्ती धर्मातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. माणसाचे तारण होते ते कशामुळे? तो विश्वास ठेवतो म्हणून देव त्याला तारतो, की देवाने त्याला आधीच धरलेले असते म्हणून त्याला विश्वास ठेवता येतो? बाळाला बाप्तिस्मा देणारा म्हणतो, देव आधी येतो, समज मागून येते. प्रौढाला पाण्यात उतरवणारा म्हणतो, माणसाने होय म्हटल्याशिवाय नाते जुळत नाही.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न पहिल्यांदा उघड्यावर आला. पेलाजिअस हा ब्रिटनकडून रोमला आलेला विरक्त माणूस. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे ढिले वागणे पाहून तो अस्वस्थ झाला. त्याचे म्हणणे साधे होते: देवाने आज्ञा दिली आहे म्हणजे ती पाळण्याची ताकदही माणसात ठेवली आहे, सबबी सांगू नका. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला हे साफ नामंजूर होते, कारण त्याला स्वतःचे मन ठाऊक होते. तरुणपणी त्याला आपले आयुष्य बदलायचे होते आणि बदलायचे नव्हतेही. दोन्ही इच्छा त्याच्याच होत्या. पुढे आत्मकथनात त्याने या ओढाताणीचे जे वर्णन केले आहे ते आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. त्याचा निष्कर्ष असा की माणसाची इच्छाशक्तीच आजारी आहे. तिला बरे केल्याशिवाय ती चांगले निवडू शकत नाही, आणि बरे करणे देवाच्या हाती. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजिअसची शिकवण नाकारली. ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने सांगितले की कृपा आधी, माणसाचा प्रतिसाद नंतर; मात्र देव कोणाला वाईटासाठी नेमतो असे म्हणणेही तिने त्याज्य ठरवले.

वाद मिटला नाही. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर दिले की इच्छा बांधलेली आहे. विश्वास हीसुद्धा देवाची देणगी. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली आपली बाजू मांडली: सुरुवात कृपेचीच, पण माणूस तिला होकार देतो आणि नाकारूही शकतो. कॅल्विनने निवड पूर्णपणे देवाच्या हाती दिली. डॉर्टच्या सभेने १६१८-१९ मध्ये कॅल्विनच्या बाजूने कौल दिला, तर जॉन वेस्लीने १७३९ मध्ये कृपा सर्वांसाठी मोकळी असल्याचे प्रवचन करून जुन्या सोबत्याशी, व्हाइटफील्डशी, वितुष्ट ओढवून घेतले.

कॅथलिकांच्या घरातही शांतता नव्हती. देवाची कृपा आणि माणसाची इच्छा एकत्र कशी काम करतात यावर जेझुइट आणि डॉमिनिकन यांच्यात रोममध्ये दहा वर्षे खल चालला. शेवटी १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी दोन्ही पक्षांना सांगितले की एकमेकांना पाखंडी म्हणू नका. निवाडा दिलाच नाही, आणि आजतागायत दिलेला नाही. त्याच काळात गोव्यात साष्टीमध्ये फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचत होता. ते १६१६ साली छापले गेले. म्हणजे या वादातला एक पक्ष ज्या संघाचा, त्याच संघाच्या माणसाने तारणाची कथा मराठी माणसाला पुराणाच्या रूपात सांगितली, आणि श्रोत्यांना मधेमधे शंका विचारू दिल्या.

मराठी वाचकाला हा झगडा परका वाटायचे कारण नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचे दोन पक्ष याच मुद्द्यावर पडले. वडगलै म्हणतात, माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते, तसे भक्ताने देवाला धरायचे. तेंगलै म्हणतात, मांजर पिल्लाला तोंडात उचलून नेते, पिल्लाने काहीच करायचे नसते. पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे या सगळ्याच्या मागे कर्माचा हिशेब असतो. जन्म एकच नसतो. ख्रिस्ती शिकवणीत जन्म एक, आणि त्या एका जन्मात निकाल. त्यामुळे प्रश्नाला धार येते.

ती धार मुंबईच्या न्यायालयात दिसली. १८३९ च्या मे महिन्यात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी धनजीभाई नौरोजी या सोळा-सतरा वर्षांच्या पारशी मुलाला बाप्तिस्मा दिला. पारशी समाज खवळला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. मुलाला समज आली आहे असे मानून कोर्टाने त्याला जायचे तिथे जायची मोकळीक दिली आणि तो विल्सन यांच्याबरोबर गेला. मिशनच्या शाळेतली बहुतेक मुले पालकांनी काढून घेतली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला होता. वय सुमारे बारा. या वेळी न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाचा ताबा वडिलांना दिला. श्रीपतची इच्छा काय, हा प्रश्न वयापुढे मागे पडला.

पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन श्रीपतला प्रायश्चित्त देववले आणि त्याला जातीत परत घेण्यावरून ब्राह्मणांत मोठी दुफळी माजली. गंमत म्हणून सांगायची ही गोष्ट नाही. एका बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून तीन बाजूंचे मोठे लोक भांडत होते. कोर्टाला हवी होती इच्छा, आणि ती कोणत्या वयात खरी मानायची याची रेषा. शास्त्रीमंडळींना हवा होता विधी, जो दोष धुऊन काढील. आणि विल्सन व त्यांचे सोबती ज्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतले होते तिच्या श्रद्धापत्रात तर स्पष्ट लिहिलेले होते की माणूस आपल्या बळावर देवाकडे वळूच शकत नाही. तरी कोर्टात उभे राहून त्यांना मुलाच्या स्वतंत्र इच्छेचाच दाखला द्यावा लागला. कायद्याला माणसाची इच्छा पुरते. धर्मशास्त्र त्यापुढे विचारते, ही इच्छा तुझ्यात आली कुठून?

हा प्रश्न ज्याला आयुष्यभर छळत राहिला असा मराठी माणूस म्हणजे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५ चा, घराणे चित्पावन, वाढ काशीत. १८३९ मध्ये जॉन म्यूर यांनी ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता सांगणारी ‘मतपरीक्षा’ संस्कृत श्लोकांत लिहिली. पंडितांनी तिला उत्तरे दिली. त्यांतले सगळ्यांत खोलात जाणारे उत्तर विशीतल्या नीळकंठाचे, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. त्याची हरकत न्यायाची होती. एक मूल आंधळे जन्मते, दुसरे धडधाकट. मागचा जन्म मानला नाही तर ही विषमता देवाच्या माथी येते. तारणासाठी ख्रिस्तावर विश्वास हवा असेल, तर ज्यांच्या कानावर ते नावच कधी पडले नाही त्यांचा अपराध काय? देव सर्वज्ञ आहे तर पहिला माणूस पापात पडणार हे त्याला ठाऊक होते. मग असा माणूस घडवला का?

पुस्तक लिहून झाले आणि नीळकंठशास्त्री मिशनऱ्यांना निरुत्तर करायला गेले. विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याशी त्यांच्या भेटी होत राहिल्या. डोंगरावरचे प्रवचन त्यांनी वाचले. मन हळूहळू, त्यांच्याच इच्छेविरुद्ध, वळत गेले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. १८६० मध्ये त्यांनी हिंदू दर्शनांची चिकित्सा करणारे ‘षड्दर्शनदर्पण’ हे पुस्तक लिहिले. १८७० साली ते अँग्लिकन पुरोहित झाले आणि आयुष्याची पुढची वर्षे पुष्कळशी पुण्यात, पंचहौद मिशनशी जोडलेली राहिली.

पण विशीतली हरकत त्यांच्या मनातून गेली नाही. न विश्वासणाऱ्यांना अनंतकाळची शिक्षा, ही शिकवण त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिली. चर्चने सांगितले म्हणून त्यांनी ती मानली, मात्र तिच्यापायी सुखाने झोपले नाहीत. आपल्या विश्वासाच्या पक्केपणाबद्दलही त्यांना शंका येत. म्हणूनच कदाचित ते इव्हँजेलिकल मंडळींपासून दूर होत संस्कारांना, पवित्र भोजनाला, चर्चच्या अखंड परंपरेला बिलगले. मनातल्या भावनेवर तारण टांगून ठेवले तर भावना ढळली की तारण गेले; त्यापेक्षा बाहेरून मिळणारी, हातात ठेवली जाणारी भाकर अधिक भरवशाची. गोऱ्हे यांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांच्या विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही, आणि तो प्रामाणिकपणाच त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

इथे नाशिक पुन्हा येते. १८३२ मध्ये नाशिकला मिशनचे काम सुरू करणाऱ्यांत चार्ल्स पिनहॉर्न फरार होते. त्यांच्या पत्नीने तिथे मुलींची शाळा काढली. त्यांचा मुलगा फ्रेडरिक विल्यम फरार १८३१ साली मुंबईच्या कोटात जन्मला आणि तिसऱ्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला धाडला गेला. हाच मुलगा पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीचा धर्मोपदेशक झाला आणि १८७७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याने तिथल्या व्यासपीठावरून प्रवचने केली की अनंत छळाची शिकवण बायबलमध्ये ज्या रूपात सांगितली जाते त्या रूपात नाही. मृत्यूनंतरही देवाच्या दयेची आशा धरायला जागा आहे. प्रवचने पुढल्या वर्षी ‘इटर्नल होप’ या नावाने छापून आली आणि इंग्लंडभर खळबळ उडाली. ऑक्सफर्डचे पंडित पुसी यांनी १८८० मध्ये त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले. नाशिकला शिकवणाऱ्या बापाचा मुलगा लंडनमध्ये जे उघड बोलला, तेच दुःख पुण्यातल्या एका मराठी पुरोहिताच्या पोटात वर्षानुवर्षे साठलेले होते.

गोऱ्हे यांच्या लेखनाने जिचे मन वळले ती स्त्री त्यांच्याही पुढे गेली. पंडिता रमाबाई.

रमाबाईंची गोष्ट त्यांच्या आईवडिलांपासून सुरू करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांची बोलणी खाल्ली, आणि मग सारे कुटुंब घेऊन वर्षानुवर्षे देशभर तीर्थयात्रा केल्या. पुराणे सांगायची, मिळेल ते दानधर्मात घालायचे, व्रते, उपवास, स्नाने. पैसा संपला, दुष्काळ आला. १८७४ मध्ये आईबाप दोघेही उपासमारीने गेले. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती. आपल्या आईबद्दल रमाबाईंनी पुढे नेहमी फार जिव्हाळ्याने लिहिले, पण एक प्रश्न त्यांच्या मनात कायमचा राहिला: इतके करूनही पुरले नाही, तर पुरण्यासाठी किती करायचे असते? आणि बाईला, शूद्राला तर ते करण्याचाही पुरता अधिकार नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वॉंटेज इथे त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोऱ्हे यांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या निबंधाचा त्या निर्णयात मोठा वाटा होता. लगेच भांडण सुरू झाले. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, त्यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या डॉरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा पत्रव्यवहार म्हणजे अव्वल दर्जाचा शास्त्रार्थ आहे. त्रैक्य, चमत्कार, ख्रिस्ताचे देवत्व, सगळ्यांवर त्या प्रश्न करतात. १८८५ मधल्या एका पत्रात त्या ठणकावतात की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडवली ती दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे. सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटला. पत्रे वाचल्यावर तसे वाटत नाही. विश्वास जर खरोखर माणसाचा असायचा तर तो त्याने स्वतः पारखून घेतलेला असला पाहिजे, एवढेच ती बाई मागत होती. इच्छास्वातंत्र्याची इतकी ठाम बाजू मराठी बाईने घेतल्याचे त्या काळात दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि रमाबाईंचे मोठेपण पुढेच दिसते. १८८९ मध्ये मुंबईत त्यांचा विधवाश्रम, शारदासदन, सुरू झाला, पुढच्या वर्षी तो पुण्याला आला. बाप्तिस्म्याला सात-आठ वर्षे झाली होती. या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचे आत्मकथन पडले. हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये चर्च चालवणारा कर्तबगार माणूस. आपलेच प्रवचन करता करता एक दिवस त्याच्या लक्षात आले की आपण धर्माची सगळी कामे करतो, पण आपल्यालाच तारण ठाऊक नाही. रमाबाई दचकल्या. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तत्त्वे पटली, बाप्तिस्मा घेतला, बायबल वाचले, सेवा केली. हे सगळे त्यांनी केले होते. आईवडिलांनी तीर्थे केली तसेच. आता त्यांना जाणवले की करून मिळवायचे काही नाहीच. जे मिळायचे ते फुकट मिळते, बाईला, अस्पृश्याला, कोणालाही, पात्रता न तपासता.

ज्या बाईने आपली अक्कल कोणापुढेही गहाण टाकली नाही तिनेच शेवटी सांगितले की माझे तारण माझ्या शोधामुळे झाले नाही. या दोन गोष्टी एकमेकींना छेदतात असे वरवर वाटेल. रमाबाईंच्या आयुष्यात त्या छेदत नाहीत. माणसांपुढे त्यांनी आपला निर्णय आपल्याकडेच ठेवला आणि देवापुढे तो सोडून दिला. ऑगस्टीन आणि पेलाजिअस यांच्या भांडणातून जी वाट सहसा निघत नाही ती पुण्यातल्या एका विधवाश्रमात निघाली.

या वाटेची परीक्षाही लगेच झाली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे आणि सदनातल्या काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. रानडे-भांडारकरांची हरकत समजून घेण्यासारखी आहे. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरलेले होते, आणि आसरा देणाऱ्या बाईच्या धर्माचे आकर्षण हे आसऱ्याला आलेल्या मुलीसाठी किती स्वतंत्र असते, हा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. रमाबाईंचे उत्तर होते की बोलावले कोणालाच नाही, अडवणारही कोणाला नाही. पुढे रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे पुनरुज्जीवन झाले, शेकडो मुली रडत, पश्चात्ताप करत रात्रंदिवस प्रार्थनेत राहिल्या, त्याबद्दलही हाच प्रश्न विचारला गेला: हे मुलींचे, रमाबाईंचे, की देवाचे? तिथे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या मेथडिस्ट, वेस्लीच्या परंपरेतल्या. कृपा सर्वांसाठी मोकळी आहे, हात पुढे करणे माणसाचे काम, हे त्यांच्या पंथाचे शिक्षण.

नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई नारायण वामन टिळक यांची कथा याच्याशेजारी ठेवण्यासारखी आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि सांगितले की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याला देवाचा पूर्वनेम मानायचा आहे त्याला इथे पुरावा मिळतो. पण मधली दोन वर्षे टिळक काय करत होते हे पाहिले तर वाचन, पत्रव्यवहार, तळमळ, हाताला लागलेले सगळे पणाला लावणे दिसते. शिवाय तुकारामांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते सांगत. आणि लक्ष्मीबाई नवऱ्यामागे लगेच गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नवऱ्याचा विश्वास बायकोला उसना मिळत नाही हे त्यांनी काही वर्षे वेगळे राहून, भांडून, आणि मग आपल्या गतीने सोवळे सोडून दाखवले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हा सारा प्रवास माहीत असतो, फक्त त्याच्यामागे पंधराशे वर्षांचा वाद उभा आहे हे सहसा ध्यानात येत नाही.

पंथ पुढे जवळ आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिच्यात नाशिकचे अँग्लिकन होते, अहमदनगरची अमेरिकन मिशनची परंपरा होती, प्रेस्बिटेरियन होते, बाप्टिस्ट होते आणि गुजरातेतले पुष्कळसे ब्रदरेनही. बाप्तिस्म्याचे काय करायचे? चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. पालकांनी बाळाला बाप्तिस्मा द्यावा, किंवा मूल मोठे होऊन स्वतः मागेपर्यंत थांबावे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक यांनी माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो यावर एकत्र निवेदन केले. मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात आले, कॅल्विनच्या परंपरेतली चर्चेस २०१७ मध्ये. कृपा आधी, आणि ती माणसाच्या कमाईची नव्हे, यावर आता हे सगळे एक आहेत. होकार देणारी इच्छा कितपत मोकळी, यावर नाहीत.

पेठ, सुरगाणा, हरसूल आणि पलीकडे डांग या पट्ट्यात गेल्या काही दशकांत विश्वासी म्हणवणारी कुटुंबे वाढली. ही मंडळी बहुतेक नव्या, छोट्या, स्वतंत्र सभांची. त्यांच्या साक्षी पुष्कळदा आजारपणापासून सुरू होतात. भगताकडे गेलो, कोंबडे-बकरे झाले, गुण आला नाही, मग कोणी तरी पास्टरकडे नेले, तेल लावून प्रार्थना झाली, उपवास धरला, बरे वाटले. इथे तारण या शब्दात देह, घर, कर्ज, दारू, सगळे येते. शहरातल्या सुशिक्षित ख्रिस्ती माणसाने त्याला नाक मुरडू नये. शुभवर्तमानांतला येशूही रोग्यांना बरे करतच फिरतो.

अडचण येते ती बरे वाटत नाही तेव्हा. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. तो रक्तातच येतो, आईबापांकडून येतो, आणि लेकराला वारंवार असह्य कळा देतो. अशा लेकराच्या आईला एखाद्या सभेत सांगितले जाते की तुझा विश्वास कमी पडला. हे वाक्य क्रूर तर आहेच, पण ख्रिस्ती शिकवणीच्या कसोटीवरही ते खोटे उतरते. विश्वासाचे माप भरले की देवाने बरे करायचे, हा हिशेब मांडला की विश्वास हीच एक नवी फी होऊन बसते. ऑगस्टीन ज्याच्याशी झगडला ते हेच, ल्यूथरने जे मोडून काढले ते हेच, आणि रमाबाईंना आईवडिलांच्या मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी ज्यातून सुटका मिळाली तेही हेच. भगताला बकरे कमी पडले आणि पास्टरला विश्वास कमी पडला, यात त्या आईच्या दृष्टीने फरक काहीच उरत नाही.

त्या सभांमध्ये जे बायबल उघडले जाते त्यातच उत्तर आहे. मार्काच्या शुभवर्तमानात फेफरे येणाऱ्या मुलाचा बाप येशूपुढे कबूल करतो की त्याचा विश्वास पुरा नाही, त्यालाच मदत हवी आहे. त्याला परत पाठवले जात नाही. मुलगा बरा होतो. त्याच शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षाघात झालेल्याला खाटेवर घालून आणतात, छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि येशू विश्वास पाहतो तो त्या आणणाऱ्यांचा. उलट पौल, ज्याच्या पत्रांवर विश्वासाचे सगळे शास्त्र उभे आहे, त्याच्या देहातला काटा तीनदा प्रार्थना करूनही निघाला नाही. करिंथच्या मंडळीला त्याने हे स्वतः कळवले, आणि त्या पत्रात आपला विश्वास उणा होता असे तो कुठेही म्हणत नाही. पाड्यावरचा जो पास्टर हे तीन उतारे एकत्र वाचून दाखवतो आणि प्रार्थना झाल्यावर लेकराला सरकारी दवाखान्यात तपासणीला घेऊन जा म्हणतो, तो डॉर्ट किंवा ट्रेंटचे नाव न ऐकताही कृपेचे शास्त्र बरोबर शिकवत असतो.